‘बरं आहे, सर!’

आम्ही व्यवसायाने मुख्याध्यापक. म्हणजे परीक्षा घेणे, परीक्षा घेववणे आणि निकाल लागल्यावर पालकांची समजूत घालणे, यांतच आमच्या आयुष्याची तीस वर्षे खर्ची पडली. घटक चाचणी, सहामाही, वार्षिक आणि दहावीची ती मोठी एस.एस.एल.सी. असे परीक्षांचे इतके प्रकार आमच्या हाताखालून गेले की, या विषयात आता आम्हांला कोणी नवे काही शिकवील असे वाटेनासे झाले होते. माणसाने असा गर्व कधी करू नये. गेल्या वर्षी ऐन पावसाळ्यात, शहरातील एका रुग्णालयाच्या तळमजल्यावर, एका सरकत्या पट्ट्यापाशी उभे राहून आम्ही एक परीक्षा पाहिली. परीक्षार्थी आमच्याच शाळेतील नववीची एक मुलगी होती. प्रश्न अवघे दोन, आणि तेच दर मिनिटाला पुन्हा विचारले जात होते. परीक्षा अर्ध्यावर थांबली तरी कोणी नापास होणार नव्हते.

त्या परीक्षेविषयी लिहावे असे फार दिवस मनात होते. पण आमच्या स्वतःच्या दोन चुका सांगितल्यावाचून तिची हकीकत पुरी होत नाही, आणि स्वतःच्या चुका कागदावर उतरवायला हात सहजासहजी धजत नाही. म्हणून एवढा उशीर झाला.

पहिली चूक वीस-बावीस वर्षांपूर्वीची. आम्ही तेव्हा सहशिक्षक होतो. आमच्या या सीमाभागात कबड्डी, खो-खो, कुस्ती हे मातीचे खेळ मुलांना शिकवावे लागत नाहीत. चालता येऊ लागले की ते येतातच. तालुक्याच्या कबड्डी सामन्यांना आम्ही संघ घेऊन गेलो होतो. उपांत्य सामना अगदी रंगात आला होता. चढाईत तरबेज असा आमचा दहावीतला एक काटक मुलगा मध्यरेषेकडे झेपावत असताना दोघांनी त्याचे पाय धरले. तो पालथा पडला, आणि कपाळ जमिनीवर आपटल्याचा आवाज आम्हांला बाहेर बाकावर ऐकू आला. क्षणभर तो तसाच पडून राहिला. मग उठला, अंगावरची माती झटकली आणि चुकून प्रतिस्पर्ध्यांच्या बाजूला जाऊन उभा राहिला. पोरे हसली. आम्हीही हसलो.

आम्ही त्याला जवळ बोलावले, पाणी दिले आणि विचारले, “काय रे, ठीक आहेस ना?”

“काय नाही झालंय, सर. बरं आहे.”

तेवढ्यावर आमचे समाधान झाले. थोडी मिनिटे उरली होती, संघ मागे पडला होता, आणि त्याच्याशिवाय ती पिछाडी भरून निघणार नव्हती. आम्ही त्याला पुन्हा मैदानात पाठवले. सामना जिंकलो. परतीच्या वाटेवर टेम्पोत त्याला दोनदा उलटी झाली. ‘ऊन लागले असेल’ हे निदान आमचेच. पुढे कितीतरी आठवडे फळ्याकडे पाहिले की त्याचे डोके दुखे, पुस्तक उघडले की अक्षरे हलल्यासारखी वाटत, आणि पूर्वी कधी न चिडणारा तो मुलगा लहानसहान गोष्टीवरून भांडू लागला. एस.एस.एल.सी.त त्याचे दोन विषय राहिले. खेळापायी पोरगा वाया गेला, असे गावाने ठरवून टाकले. आम्ही त्यावर काही बोललो नाही.

त्याला काय झाले होते, हे आम्हांला फार उशिरा कळले. डॉक्टर ज्याला ‘कन्कशन’ म्हणतात, तो मेंदूला बसलेला हादरा होता. आपला मेंदू कवटीच्या आत एका द्रवात तरंगत असतो. डोक्याला, किंवा कधी मानेला वा छातीलासुद्धा, जोराचा धक्का बसला की तो आतल्या आत हिंदकळतो. बहुतेक वेळा माणूस बेशुद्ध पडत नाही, रक्त येत नाही, सी.टी. स्कॅनमध्येही काही दिसत नाही. कारण बिघाड रचनेत नसून कार्यात असतो. पेशींना सावरण्यासाठी अधिक ऊर्जा हवी असते आणि नेमका त्याच वेळी मेंदूच्या रक्तप्रवाहाचे नियमन विस्कळीत झालेले असते. बाजू विसरून भलतीकडे उभा राहणारा खेळाडू ही त्या हादऱ्याची अगदी पाठ्यपुस्तकी खूण होय. आम्ही मात्र त्या खुणेला हसलो होतो.

अशा अवस्थेत दुसरा मार बसला तर काय होऊ शकते, हे अमेरिकेतल्या एका मुलाच्या हकीकतीवरून दिसते. २००६ साली वॉशिंग्टन राज्यात झॅकरी लिस्टेड हा १३ वर्षांचा मुलगा शाळेच्या फुटबॉल सामन्यात डोक्यावर आपटला, थोडा वेळ बाहेर बसला आणि पुन्हा खेळायला गेला. सामन्यानंतर तो कोसळला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. शस्त्रक्रियांनी त्याचा जीव वाचला, पण बोलणे-चालणे त्याला पुन्हा नव्याने शिकावे लागले. २००९ साली त्या राज्याने त्याच्याच नावाने कायदा केला: मेंदूला हादरा बसल्याचा नुसता संशय आला तरी मुलाला मैदानाबाहेर काढावे, आणि जाणकार वैद्यकीय व्यक्तीच्या लेखी परवानगीवाचून पुन्हा खेळू देऊ नये. पुढे २०१४ पर्यंत अमेरिकेतील सर्व राज्यांत अशा प्रकारचे कायदे झाले. ती हकीकत आम्ही प्रथम वाचली तेव्हा झॅकरीच्या जागी आम्हांला आमचा तो कबड्डीचा मुलगा दिसत होता. त्याला दुसरा मार बसला नाही, हे त्याचे नशीब. त्यात आमचे कर्तृत्व काहीच नव्हते.

आणि ‘बरं आहे’ म्हणणारी शाळकरी पोरेच असतात असे नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये लॉर्ड्सच्या कसोटीत जोफ्रा आर्चरचा चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर लागला, तो प्रसंग आमच्या वाचकांपैकी अनेकांनी दूरदर्शन संचावर पाहिला असेल. त्याची रीतसर तपासणी झाली, तीत तो उतरला, पाऊण तासात पुन्हा फलंदाजीलाही आला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे डोके दुखू लागले आणि गुंगी वाटू लागली. त्याच महिन्यात लागू झालेल्या नव्या नियमाप्रमाणे त्याच्या जागी मार्नस लाबुशेन खेळला. सांगावयाचे तात्पर्य, मार बसल्यानंतरच्या पहिल्या तासातले ‘बरं आहे’ हे उत्तर खोटे असतेच असे नाही. पण त्यावर विसंबता येत नाही.

दुसरी चूक गेल्या वर्षीची, आणि ती नेमकी उलट्या दिशेची. दुधाने तोंड भाजले की माणूस ताकही फुंकून पितो, तसे आमचे झाले. जुलैच्या पहिल्या आठवड्यात, ओल्या मैदानावर खो-खोचा सराव चालू असता, खांबाजवळ हुलकावणी देताना नववीतली ती मुलगी घसरली आणि तिचे डोके खांबावर आदळले. आम्ही तिला एक पाऊलही पळू दिले नाही. तडक रुग्णालय गाठले. स्कॅन निर्दोष निघाला. डॉक्टरांनी थोडे दिवस विश्रांती सांगितली. येथवर सारे ठीक होते.

पण ‘थोडे दिवस’ या शब्दांचा अर्थ आम्ही लावला. तिच्या वडिलांची बसस्थानकाजवळ चहाची टपरी आहे. मुख्याध्यापकांचा शब्द त्यांना डॉक्टरांच्या शब्दाहून वजनदार. आम्ही त्यांना बजावले की, डोके पूर्ण दुखायचे थांबेपर्यंत पोरीने अंधाऱ्या खोलीत पडून राहायचे; पुस्तक नाही, मोबाइल नाही, मैत्रिणी नाहीत, अंगणातसुद्धा फिरणे नाही. आजीने खिडकीला गोणपाट लावले. एक आठवडा गेला, दोन गेले, तीन गेले. डोके दुखायचे थांबेना. दिवसा झोप आणि रात्री जाग असा क्रम सुरू झाला. उठून उभी राहिली की चक्कर येई. आम्ही भेटायला गेलो तेव्हा तिने भिंतीकडे तोंड करूनच विचारले, “सर, मी आता कधीच खेळणार नाही काय?” आम्ही म्हणालो, “आधी बरी हो.” बरे होण्याची वाट आम्हीच अडवून बसलो आहोत, हे आमच्या ध्यानीमनीही नव्हते.

आमची एक जुनी विद्यार्थिनी शहरातल्या एका रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे. तिला कुणाकडून तरी ही हकीकत कळली. ती एका रविवारी आपण होऊन गावी आली, गोणपाट बाजूला सारून तिने खोलीत उजेड केला, मुलीशी तासभर बोलली, आणि बाहेर येऊन आमच्यासमोर उभी राहिली.

“सर, तीन आठवडे हिला कोंडून ठेवलंय?”

“अगं, काळजी घेतोय आम्ही.”

“काळजी दिसतेच आहे, सर. उपचार कुठं दिसत नाही.”

विद्यार्थिनीने मुख्याध्यापकांना असे बोलावे, याचे आम्हांला क्षणभर वाईट वाटले. पण तिने जे समजावून सांगितले त्याने आमचे तोंड बंद झाले. संपूर्ण विश्रांतीचा हा सल्ला पूर्वी डॉक्टरही देत असत. पुढे तो तपासून पाहिला गेला. २०१५ साली विस्कॉन्सिनमधील संशोधकांनी काही मुलांना पाच दिवस कडक विश्रांती सांगितली आणि काहींना नेहमीची एक-दोन दिवसांची. कडक विश्रांतीवाल्या मुलांनी उलट अधिक त्रास सांगितला. आता जगभरच्या तज्ज्ञांचे मत असे की पहिले २४ ते ४८ तास बेताची विश्रांती, आणि नंतर हळूहळू हालचाल. ॲमस्टरडॅम येथे २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये भरलेल्या परिषदेचे निवेदन २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यातही हेच आहे.

“पण हालचाल किती? ती कशी ठरवायची?” आम्ही विचारले. कारण खरी अडचण तीच होती. कमी केली तर पोर खोलीत कुजते. जास्त केली तर डोके फुटायला येते. मधली रेघ कोण आखणार?

“ती रेघ तिचं शरीरच दाखवतं, सर. आपण फक्त विचारायचं असतं,” ती म्हणाली.

ही विचारण्याची पद्धत अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात, बफेलो येथील विद्यापीठात, जॉन लेड्डी आणि बॅरी विलर यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवली. हृदयविकाराच्या तपासणीत ट्रेडमिलवर चालवण्याची एक जुनी रीत आहे. तिच्यात फेरफार करून त्यांनी ती मेंदूच्या हादऱ्यासाठी वापरली. दीर्घकाळ त्रास होत राहिलेल्या रुग्णांवरचा त्यांचा प्राथमिक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यामागची कल्पना साधी आहे. हादरलेल्या मेंदूचे रक्तनियमन बिघडलेले असल्यामुळे श्रम वाढले, हृदय जोराने चालू लागले, की एका ठरावीक मर्यादेला त्रास उफाळतो. ती मर्यादा शोधावी, आणि रोजचा व्यायाम तिच्या खाली ठेवावा.

ठरल्या दिवशी आम्ही, मुलगी, तिची आई आणि आमचे पी.टी.चे मास्तर असे चौघे शहरात गेलो. आधी तेथील मेंदुविकारतज्ज्ञांनी तिची तपासणी केली: हृदयाचा काही दोष नाही ना, तोल नीट राहतो ना, मान आणि डोळे कसे आहेत. ज्याला धड उभे राहता येत नाही किंवा ज्याचा त्रास मुळातच तीव्र आहे, त्याला या पट्ट्यावर चढवीत नाहीत. मग तिच्या छातीला हृदयाचे ठोके मोजणारा पट्टा बांधला आणि ट्रेडमिल सुरू झाली. वेग तासाला सुमारे ५ किलोमीटर, म्हणजे घाईने बाजाराला निघालेल्या माणसाचा. दर मिनिटाला चढ एक टक्क्याने वाढायचा. वेग तोच, फक्त रस्ता हळूहळू डोंगराकडे वळल्यासारखा. पंधरा मिनिटांपर्यंत असे. त्यापुढे वेगही वाढवायचा.

आणि दर मिनिटाला ते दोन प्रश्न. पहिला: शून्य ते दहा या पट्टीवर आता त्रास किती? दुसरा: श्रम किती वाटतात? दुसऱ्या प्रश्नाची पट्टी स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांची. ती सहापासून सुरू होते आणि वीसवर संपते. गुण मोजण्यात जन्म घालवलेल्या आम्हांला सहापासून सुरू होणारी पट्टी चमत्कारिक वाटली. खुलासा असा की त्या आकड्याला दहाने गुणले की हृदयगतीचा ढोबळ अंदाज मिळतो. निवांत बसलेल्या माणसाची ६० आणि जिवापाड पळणाऱ्या तरुणाची २००.

सुरुवातीला मुलीचा त्रास २ होता. पाचव्या मिनिटापर्यंत २. मग ३. ती शांतपणे चालत होती, पण चेहरा ओढल्यासारखा दिसू लागला. आठव्या मिनिटाला ती म्हणाली, “चार.” नवव्याला थोडी घुटमळली, आमच्याकडे एकदा पाहिले, आणि म्हणाली, “पाच.” त्रास सुरुवातीपेक्षा तीन अंकांनी वाढला की थांबायचे, असा नियम. पट्टा थांबला. त्या क्षणी हृदयगती होती १४२.

तिच्या डोळ्यांत पाणी आले. “नापास झालो काय मी?” आमच्याकडच्या मुली असेच बोलतात, ‘झाले’ म्हणत नाहीत.

“नापास कसली गं! कुठपर्यंत जाता येतं ते कळलं. उद्यापासून तिथवर न जाता चालायचं.”

त्या एका वाक्याने आम्ही अंतर्मुख झालो. आमच्या परीक्षा मूल कोठे पडले ते सांगतात; ही परीक्षा त्याने उद्या कोठून सुरुवात करावी ते सांगत होती. आणखीही एक गोष्ट मनाला लागली. या परीक्षेचा सारा डोलारा मुलाच्या खऱ्या उत्तरावर उभा आहे. ठोके यंत्र मोजते. पण डोके किती दुखते हे मुलानेच सांगायचे असते. दटावून ‘दोनच’ म्हणणाऱ्या मुलापुढे यंत्र काय करणार? तपासणारा माणूस चेहरा पाहतो, चाल पाहतो, बोलणे अडखळते का ते पाहतो. तरीही अखेर भिस्त खरेपणावरच. ती नवव्या मिनिटाला आमच्याकडे पाहून का घुटमळली, ते आम्हांला पक्के ठाऊक होते. दुखणे लपवणारा तो शूर आणि सांगणारा तो रडका, हा धडा तिला आमच्याच मैदानावर मिळाला होता.

उपचाराचे गणित सोपे होते. १४२ चे ८० ते ९० टक्के, म्हणजे ११४ ते १२८. रोज २० मिनिटे हृदयगती या दोन आकड्यांच्या मध्ये राहील असा व्यायाम. डोके वाढू लागले तर त्या दिवसापुरते थांबायचे. मनगटावरचे यंत्र कोठून आणणार? आमच्या पी.टी.च्या मास्तरांनी तिला नाडी धरायला शिकवले: १५ सेकंदांत २९ ते ३२ ठोके. बाहेर धो धो पाऊस. म्हणून तिचा व्यायाम आमच्या शाळेच्या लांब व्हरांड्यात सुरू झाला. सकाळची प्रार्थना झाली की ती या टोकापासून त्या टोकापर्यंत झपझप चाले, ठोके कमी पडले तर जिन्याच्या दोन फेऱ्या घाले. पाचवीची पोरे तोंडाने फेऱ्या मोजत. पहिल्या आठवड्यात दोन तास वर्गात बसून ती घरी जाई, मग मधल्या सुट्टीपर्यंत, मग दिवसभर. खेळाआधी अभ्यासाकडे परतायचे, हाही त्या उपचाराचाच भाग. ज्या घरी महिनाभर गोणपाट होते तेथल्या आजीने तिसऱ्या दिवशी आम्हांला निरोप धाडला, “पोर रात्रीची झोपू लागली.”

हा योगायोग नव्हे. बफेलोच्या गटाने १३ ते १८ वयाच्या १०३ खेळाडू मुलांवर केलेला अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना मर्यादेखालचा चालण्या-धावण्याचा व्यायाम दिला, निम्म्यांना केवळ अंग ताणण्याचा. मधल्या मुलाचा हिशेब धरता पहिला गट १३ दिवसांत बरा झाला, दुसरा १७ दिवसांत. २०२१ साली ११८ मुलांवरच्या दुसऱ्या अभ्यासात हेच आकडे १४ आणि १९ आले. चार-पाच दिवसांचा फरक मोठ्या माणसांना किरकोळ वाटेल. पण महिन्याहून अधिक काळ रेंगाळणाऱ्या दुखण्याची शक्यताही व्यायामवाल्या गटात बरीच कमी निघाली. आमच्या मुलीला हा उपचार चौथ्या आठवड्यात मिळाला. पहिल्याच आठवड्यात मिळाला असता तर, हा विचार आमच्या मनातून जात नाही.

या परीक्षेचा आणखी एक उपयोग तिने सांगितला. एखादा मुलगा अगदी दमून जाईपर्यंत चालला आणि तरीही त्याचे डोके वाढले नाही, पण एरवी मात्र दुखतच राहिले, तर दुखण्याचे मूळ मानेत, डोळ्यांत किंवा कानातील तोलाच्या इंद्रियात शोधावे लागते. मग उपचारही निराळा.

याच सुमारास आम्ही एक काम उरकले. आमचा तो जुना कबड्डीपटू आता शेजारच्या गावी दुधाची गाडी चालवतो. एका संध्याकाळी त्याच्या घरी गेलो आणि वीस वर्षे साठलेले सांगून टाकले: “तुला त्या दिवशी पुन्हा मैदानात पाठवलं, ती आमची चूक होती.” तो ओशाळून हसला. “सर, तुम्ही विचारलं होतासा की. मीच म्हणालो, बरं आहे.” विचारले होते, हे खरे. पण दुसरे उत्तर ऐकण्याची आमची तयारी नव्हती, आणि ते त्या पोराला आमच्या आवाजातच कळले होते. अजूनही उन्हात फार वेळ गाडी चालवली की डोके धरते, असे त्याची बायको म्हणाली. ते त्या माराचेच आहे की नाही, कोण सांगणार? तो मात्र आमच्यासाठी चहा ठेवायला आत गेला होता.

मुलीची दुसरी चाचणी आठवड्याने झाली. मर्यादा १५८ वर सरकली. व्यायामाचे आकडेही वर गेले. मध्ये सर्दी-तापाने काही दिवस मोडले. सप्टेंबरमधल्या एका सोमवारी तिसरी चाचणी झाली. ती सतरा मिनिटे चालली, शेवटी पळालीसुद्धा, घामाने निथळली, “आता पाय उचलत नाहीत,” म्हणाली. पण डोक्याचा आकडा पहिल्यापासून शेवटपर्यंत शून्य. व्हरांड्यात त्या दिवशी पोरांनी टाळ्या वाजवल्या.

आणि येथेच आमची खरी परीक्षा सुरू झाली. जिल्ह्याचे खो-खो सामने बुधवारी होते. तालुक्याची फेरी मुलींनी तिच्याविना कशीबशी जिंकली होती; जिल्ह्याला ती हवीच होती. परंतु पट्ट्यावरची परीक्षा उत्तीर्ण होणे म्हणजे मैदानाची परवानगी नव्हे. ट्रेडमिलवर कोणी अंगावर येत नाही, एकाएकी वळावे लागत नाही, खांब मध्ये येत नाही. परतीच्या सहा पायऱ्या ठरलेल्या आहेत. पहिल्या तीन, म्हणजे रोजची कामे, मग चालणे-धावणे, मग एकट्याने खेळातल्या हालचाली, या तिने ओलांडल्या होत्या. चौथी धक्का न लागणाऱ्या सरावाची, पाचवी पूर्ण सरावाची, सहावी सामन्याची. प्रत्येक पायरीला किमान २४ तास, आणि पूर्ण सरावापूर्वी डॉक्टरांची लेखी अनुमती. चौथी पायरी मंगळवारी, पाचवी बुधवारी; म्हणजे सामना लवकरात लवकर गुरुवारी. फरक एका दिवसाचा.

मंगळवारी संध्याकाळी संघाची यादी सहीसाठी आमच्या टेबलावर आली. तिचे नाव पहिले होते. पी.टी.चे मास्तर म्हणाले, “एका दिवसानं काय होतंय, सर?” तिचे वडील टपरी बंद करून आले होते, तेही हात जोडून तेच म्हणाले. शेवटी ती स्वतः आली. “पास झालो की सर मी. एकदम बरं आहे.”

तेच शब्द. वीस वर्षांपूर्वी ते आम्हांला हवे होते म्हणून आम्ही घेतले. या खेपेला ते खरेही असतील, बहुधा होतेच. पण बहुधा या शब्दावर दुसऱ्याच्या पोरीचे डोके लावायचा अधिकार आम्हांला कोणी दिला? आम्ही तिच्या नावावर रेघ मारली आणि खाली सही केली. ती काही न बोलता निघून गेली.

बुधवारी आमचा संघ एका गुणाने हरला. ती असती तर जिंकलो असतो, असे सारे म्हणाले. आम्हांलाही तसेच वाटते. पुढचे आठ दिवस ती व्हरांड्यातून जाताना आमच्या खोलीकडे पाहत नसे. सौ. म्हणाल्या, “शिर सलामत तो पगडी पचास, एवढं त्या पोरीला समजावून सांगा की.” पण पंधराव्या वर्षी शिराची काळजी कोणाला असते? हवी असते ती पगडीच. ती काळजी त्यांच्या वतीने वाहण्यासाठीच तर सरकार आम्हांला पगार देते.

वाचकांना एक विनंती. ही चाचणी घरी वा शाळेच्या मैदानावर करून पाहण्याची नव्हे; ती जाणकारांच्या देखरेखीखालीच व्हावी. डोक्याला मार बसल्यावर डोकेदुखी वाढत चालली, पुन्हापुन्हा उलटी झाली, गुंगी आली, झटका आला, हातपाय लुळे वाटले किंवा डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसल्या, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. तो प्रसंग हादऱ्याच्या पलीकडचा, कवटीच्या आत रक्तस्राव झाल्याचा असू शकतो.

नोव्हेंबरात शेजारच्या शाळेशी मैत्रीचा सामना होता. ती खेळत होती. पाठलाग करणाऱ्या मुलीशी टक्कर झाली आणि दोघी पडल्या. ती उठली, दोन पावले पळली, आणि मग आपण होऊन हात वर करून रेषेबाहेर आली. आम्ही बाकावरून उठलो.

“डोकं थोडं जड वाटतंय, सर. बघा की जरा.”

आम्ही तिला बसवले, पाणी दिले आणि उरलेला सामना ती आमच्या शेजारी बसून ओरडत राहिली. दुसऱ्या दिवशी रुग्णालयात दाखवले. काही निघाले नाही. सामना त्याही दिवशी आम्ही हरलो. पण घरी परतताना सौ.नी विचारले, “आज एवढे खुशीत कशाने?” तेव्हा त्यांना काय सांगावे ते आम्हांला चटकन सुचले नाही.